तिला गुंडाळू नकोस

आईस नमस्कार,

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. तुझी कंबर कशी आहे?

माझी छकुली झोपेत हातपाय झाडते म्हणून वर्षाची होत आली तरी तिला दुपट्यात करकचून गुंडाळू नकोस. आमच्या प्रयोगशाळेत उंदरांची पिल्लंही तशीच झाडतात. आधी पाय हलतो, मग मेंदूत लहर उठते. हा पाय आपला, हे मेंदू असंच शिकतो.

पोटची पोर तुझ्याकडे टाकून मी इथे उंदरांच्या पोरांची झोप राखते. हस हवं तर.

आपलं कोण, हेही ती शिकतेय म्हणा. परवा फोनवर तिने ‘आई’ अशी हाक मारली. मी तोंड उघडायच्या आत तूच ‘ओ’ दिलीस.

तुझी,
आता थोरली झालेली लेक