कमानीचा दगड फुटला तेव्हा

बा, तू म्हणायचास, कामगारानं तोंड उघडावं ते भाकरी खायला, एरवी नुसता हात चालवावा. हे खोटं होतं. तेव्हाही खोटंच होतं, पण मी दहा वर्षांचा होतो आणि हातोडी धरून धरून तुझा पंजा दगडासारखा झाला होता, म्हणून थप्पड खाऊन गप्प बसलो. आता मी सत्तावीसचा आहे आणि तुला जाऊन तेरा वर्षं झाली. आता तुझा हात पोचत नाही, तेव्हा ऐकून घे. देवळाच्या ओट्याची ती पायरी आठव. खाणीतूनच चिरलेला दगड ठेकेदारानं स्वस्तात उचलला होता. तुला माहीत होतं, मलाही माहीत होतं. बसवताना तो मधोमध दुभंगला आणि ठेकेदार साऱ्या गावासमोर तुला आईवरून बोलला, वर आठ दिवसांची मजुरी कापली. तू मुंडी खाली घालून छिन्न्या गोळा करत राहिलास. घरी येताना मी विचारलं, "बा, दगडच फुटका होता, सांगितलं का नाहीस?" तर तू मला हाणलीस आणि म्हणालास, "पोट मोठं का तोंड मोठं?" त्या दिवसापासून आपलं भांडण चालू आहे. तू मध्येच खोकत खोकत निघून गेलास म्हणून ते मिटलं असं समजू नकोस.

तुझं सगळंच खोटं होतं असं मी म्हणत नाही. दगड ओळखायला शिकवलंस ते खरं होतं. पाटा घडवायला घेण्याआधी तू दगडावर तांब्याभर पाणी ओतायचास आणि बिडी पेटवून बसायचास. मला वाटायचं, आळस करतोय. मग दगड वाळायला लागला की बोटानं दाखवायचास. सगळा दगड फिका पडतो, पण चीर असेल तिथं पाणी मुरतं आणि तेवढीच एक काळी रेघ मागं राहते. "बिडी संपेस्तोवर थांबायचं," हे तुझं माप. सातवीत माझी शाळा सुटली, तू गेलास, घरोघरी मिक्सर आले, पाट्याला टाकी लावून घ्यायला कुणी हाक मारेना. मग मी फरशी बसवायला शिकलो, पुण्याला राबलो आणि एजंटाच्या मागं लागून इकडं कतारला आलो. आधी मेसईदला हमाली केली, आता दोहात एका मोठ्या हॉटेलाच्या बांधकामावर आहे. फुटबॉलचा वर्ल्ड कप व्हायचा आहे, त्याच्या आत सगळं उभं राहायला पाहिजे म्हणून अख्खा देश यल्ला, यल्ला करत पळतोय. यल्ला म्हणजे चला, उरका. सकाळी डोळा उघडल्यापासून हाच शब्द कानावर.

राहतो सनाइयात, म्हणजे कारखान्यांच्या भागात, कामगारांच्या कॅम्पात. खोलीत आठ जण, सात बांगलादेशी आणि मी. त्यांच्यात वडील म्हणजे एक चाचा, पंचेचाळिशीचे, दिसतात साठीचे. नदीकाठची भाताची जमीन विकून त्यांनी दलालाचे पैसे भरले. काही विकल्याशिवाय आलेला खोलीत एकही नाही. कुणी गाय विकली, कुणी बायकोच्या कानातलं. पासपोर्ट कुठाय विचारलं की सगळ्यांचं एकच उत्तर, "ऑफिस में." शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, सुकी मासळी शिजते, वास थेट आपल्या बाजारातल्या सुकटीचा. मी नाक मुरडलं की चाचा म्हणतात, "दादा, नाक बंद करो, मुँह खोलो." खातो मी. चांगली लागते. आणि ही माणसं एकटी नाहीत, हे मी बघितलंय. गेल्या हिवाळ्यात पलीकडच्या खोलीतला एक पोरगा झोपेतच गेला, तर संध्याकाळपर्यंत चादरीत पैसे जमले. त्याला ओळखत नव्हते त्यांनीही टाकले. मीही टाकले.

दिवसा मात्र मी दुसऱ्याच मुलखात असायचो. हॉटेलाच्या दाराशी कोरीव दगडाची कमान उभी करायची होती, तिच्यासाठी आर्मेनियाचे पाच पाथरवट आणले होते. आर्मेनिया नावाचा देश आहे, रशियाच्या खाली, डोंगरांचा. मीही आधी ऐकला नव्हता. त्यांना हाताखाली छिन्नी धरता येणारा एक माणूस हवा होता. साइटवरचे इंजिनियर साहेब पुण्याचे. मी मराठी आहे हे कळल्यापासून माझ्याशी घरच्यासारखं बोलायचे, दिवाळीला डब्यातून चकल्या आणल्या होत्या. त्यांनी मला तिकडं दिलं. पाचांच्या म्होरक्याला ते 'वारपेत' म्हणतात, आपल्यात मिस्त्री म्हणतात तसं. पहिल्याच दिवशी वारपेतनं दगडावर बाटलीतलं पाणी ओतलं आणि सिगारेट पेटवून खाली बसला. बा, माझ्या अंगावर काटा आला. मी शेजारी बसलो आणि दगड वाळायला लागल्यावर त्याच्या आधी काळ्या रेघेवर बोट ठेवलं. तो हसला, सिगारेटचं पाकीट पुढं केलं. "इंडिया, हू टीच?" मी म्हणालो, "फादर." फादर कुठाय, असं त्यानं हातानंच विचारलं. मी छातीवर हात ठेवून खोकून दाखवलं. त्यानंही छातीवर हात ठेवला आणि तसाच खोकला. त्याचा बाप दर उन्हाळ्यात रशियाला दगडाच्या कामावर जायचा, त्याच धुळीनं गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं मला रबरी मास्क दिला, दोन्ही गालांवर डब्या असलेला. मी तो काढला की हातोडीच्या दांड्यानं ढोसायचा. त्याच साइटवर ओझी उचलणाऱ्या चाचांच्या टोळीला कापडी मास्क मिळतो, आठवड्याला एक. खोलीत पोरं मला चिडवायची, "क्या साहब, आज भी कॉफी पिया?"

प्यायचो ना. ते पाच जण दुपारी गार कंटेनरमध्ये बसतात, लांब दांड्याच्या इवल्याशा पातेलीत कॉफी उकळते, मलाही एक घोट मिळायचा. दरवाजातून समोर दिसायचं, चाचा आणि त्यांची टोळी पत्र्याच्या सावलीला भिंतीला पाठ लावून झोपलेली. आर्मेनियावाले दोहातल्याच अल गराफा वस्तीत एका बंगल्याच्या मागच्या खोल्यांत राहतात, दोघांत एक खोली. येताना तिकीट कंपनीनं दिलेलं, पासपोर्ट स्वतःच्या खिशात. मुलीचा फोटो दाखवताना वारपेतनं तो पासपोर्टातूनच काढला. मी फोटो कमी आणि पासपोर्ट जास्त बघितला. तेही काही नबाब नाहीत, बा. गावात काम नाही म्हणूनच आलेत. गेल्या साली त्यांच्याकडं लढाई झाली, तीत वारपेतचा भाचा गेला, आणि सांगायला माणसं किती, तर उरलेले चार. शुक्रवारी चर्चच्या आवारात जातात, तिथं त्यांच्या भाषेतलं आणखी कुणी भेटलं तर नशीब. पण त्यांचा पगार लांबला तेव्हा पाचही जणांनी हत्यारं फडक्यात गुंडाळली आणि कॉफी पीत बसले. पाचव्या दिवशी पगार आला. आमचा दोन महिने थकला, तेव्हा मी खोलीत म्हणालो, आपणही बसू. चाचा म्हणाले, "दादा, जिसका जमीन है वो बैठता है. हम किधर बैठेगा?" तुझ्याकडंही जमीन नव्हती, माहीत आहे मला. म्हणून मी तुला सोडणार नाही.

मग तो दगड. कमानीचा मधला, वेलपत्ती कोरलेला, वारपेतचे दोन आठवडे त्यात गेलेले. कोरताना हातोडीनं आतली चीर उघडू शकते, म्हणून उचलण्याआधी पुन्हा पाणी मारून बघायचं. ते काम माझं. त्या सकाळी मोठी माणसं बघायला यायची होती, साहेब फोन कानाला लावून यल्ला, यल्ला ओरडत फिरत होते. मी पाणी मारलं. दगड निथळत होता तोवरच मी हात वर केला, उचला म्हणून. चेनपुलीवर चाचा होते. दगड डोक्याच्या वर गेला आणि वरच फुटला. अर्धा साखळीत राहिला, अर्धा फरशीवर आला. कुणाला लागलं नाही. मी धावत जाऊन तुकड्याच्या तोंडाकडं बघितलं, आतपर्यंत ओल मुरलेली, चीर जुनी. आणि बा, मी त्याच्यावर गोणपाट टाकलं. साहेब आले तोवर ते झाकलेलं होतं. त्यांनी वर बघितलं, साखळी बघितली, चाचांना बघितलं आणि ठरवून टाकलं, ह्यानं झटका दिला. वारपेत पलीकडच्या खांबावर कोरत होता, त्याला एवढंच कळलं की दगड पडला. दुपारपर्यंत निरोप आला, चाचांच्या पगारातून दगडाचे पैसे कापायचे आणि त्यांना परत पाठवायचं.

संध्याकाळी चाचा खाटेवर बसून होते, ताटाला हात लावला नव्हता. मला म्हणाले, "तुम देखा ना दादा? हम झटका नहीं दिया. धीरे धीरे लिया." मी म्हणालो, "देखा." बाजूचा पोरगा कांदा चिरता चिरता बोलला, "देखा तो क्या? साहब का आदमी है, साहब को बोलेगा क्या?" कुणी हसलं नाही. 

तिसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांपुढं जाऊन उभा राहिलो. "साहेब, चाचाची चूक नाही. पाणी मारून बघायचं काम माझं होतं. मारलं, पण दगड वाळू दिला नाही. चीर होती आत."

साहेबांनी आधी आजूबाजूला बघितलं. "हळू बोल. कळतंय का तुला काय बोलतोयस ते?"

"कळतंय."

"अरे वेड्या, रिपोर्ट वर गेलाय. हँडलिंगमध्ये डॅमेज, असं लिहून दिलंय मी. तू आपला माणूस म्हणून सांगतो, तुझ्या कामाशी काम ठेव."

"आणि चाचा कुणाचा माणूस, साहेब?"

"त्यांची माणसं रोज येतात रे. विमानं भरून येतात."

माझा आवाज चढला. काय बोललो ते सगळं आठवत नाही, पण त्या ओट्याच्या पायरीपासूनचं सगळं त्यात होतं. साहेबांना काय कळणार, कुठली पायरी आणि कुठला ठेकेदार. गलका ऐकून वारपेत हातातली छिन्नी घेऊनच आला. मी गोणपाट ओढून काढलं, बाटली ओतल्यासारखं केलं, मग मनगटावर बोट ठेवून मान हलवली, थांबलो नाही म्हणून. तो गुडघ्यावर बसला, तुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. उठला आणि साहेबांना म्हणाला, "माय स्टोन. माय मेन. आय नो लुक." बघितलं नाही ते मीच, म्हणून स्वतःच्या छातीवर थोपटलं. आणि साहेब, ज्यांनी दोन दिवसांपूर्वी चाचांचं तिकीट काढायला सांगितलं होतं, हसून म्हणाले, "नो प्रॉब्लेम, सर. इट हॅपन्स."

एवढं इंग्रजी मला येतं, बा. इट हॅपन्स, म्हणजे होतं असं कधी कधी. दगड तोच, चीर तीच. चाचांच्या हातून गेला तेव्हा पगार आणि तिकीट, वारपेतनं अंगावर घेतला तर होतं असं कधी कधी. वारपेतवर माझा राग नाही, त्याच्या जागी असतो तर मीही छाती थोपटली असती. त्याच्या छातीवर कुणी दलाल बसलेला नाही म्हणून तो थोपटू शकतो. चाचांची पगारकपात त्याच दिवशी रद्द झाली, तिकीटही. तू म्हणशील, ते त्या गोऱ्या माणसामुळं झालं, तुझ्या तोंडामुळं नाही. खरं आहे. पण गोणपाट मी काढलं. ते कुणीतरी काढल्याशिवाय तो खाली वाकून काय बघणार होता? तू त्या दिवशी ठेकेदाराला नुसतं एवढंच म्हणाला असतास की दगडाकडं बघा, तर मजुरी कदाचित तरीही गेली असती. पण मी तुझ्यामागून घरी येताना तुझ्या टाचांकडं बघत आलो नसतो.

मला त्याच आठवड्यात आर्मेनियावाल्यांकडून काढलं. साहेब म्हणाले, "यल्ला म्हटलं की जो घाई करतो त्याला असलं नाजूक काम नको." आता मी गोण्या उचलतो, ओव्हरटाइम नाही. चकल्याही येणार नाहीत यंदा. वारपेत लांबून हात करतो, मास्क त्यानं परत घेतला नाही, गोण्या उचलतानाही मी तोच घालतो आणि सगळे हसतात. चाचांना वर उत्तरेला मदिनत अश शमालच्या साइटवर हलवलं. ट्रंक बसमध्ये चढवायला मी गेलो होतो. मला वाटलं, खांद्यावर हात ठेवतील. त्यांनी विचारलं, "दादा, दो दिन काहे को लगाया?" बस सुटली म्हणून उत्तर द्यावं लागलं नाही.

आज शुक्रवार. पोरं दुपारच्या नमाजाला गेलीत, खोली रिकामी आहे, म्हणून हे लिहितोय. तुला वाचता येत नव्हतं, आणि आलं असतं तरी धाडू कुठं? वही गादीखाली जाईल. चाचांना दिलं नाही ते उत्तर तुला देतो, म्हणजे कुणाला तरी दिल्यासारखं होईल. ते दोन दिवस मी भीत नव्हतो. ते दोन दिवस मी ओव्हरटाइम गेला तर आईला किती कमी जाईल, एवढाच हिशेब मनातल्या मनात करत होतो. दर महिन्याला तिला वीस हजार जातात. या महिन्याला पाठवतोय तेरा हजार पाचशे.