सोनेरी रिबनची पेटी

माई, आज धाकटीसाठी साबुदाण्याची खिचडी करून धारला तिच्या घरी नेली. दाण्याचं कूट न घालता, वेगळ्या कढईत, तू करायचीस तशी. त्या वेगळ्या कढईवरून बायका तुला काय काय बोलायच्या! “उपासालासुद्धा पोरीचे असले लाड?” आणि तू पदर खोचून म्हणायचीस, “लाड कसले, जीव आहे तिचा.” शेंगदाणा पोटात गेला की तिचा गळा आवळतो, हे आपल्या शेजारणीलाही पाठ होतं. बाहेरून काही आलं की आधी एक घास तू खायचीस, जिभेवर घोळवायचीस, आणि तू मान हलवलीस की मगच तिचा हात ताटाकडे जायचा. मी एकदा कुणाच्या लग्नातला लाडू तुला न दाखवता तिच्या हातावर ठेवला, तर देवघरासमोर उभं करून तू मला असं झापलंस की अजून कान गरम होतात. मग तू अंथरूण धरलंस आणि तिला जवळ बसवून म्हणालीस, “आता पाकिटावर वाचत जा. वाचल्याशिवाय तोंडात घालायचं नाही.” हिंदी शाळेतली पोर ती, मराठी आजही अडखळत वाचते, पण ‘मूंगफली’ कितीही बारीक छापलेली असो, ती शोधून काढते.

माझी नोकरी तू पाहिली नाहीस. देवासहून रोज पिथमपूरला जाते, तिथल्या एका ऑफिसात परदेशातून आलेल्या मालाचे कस्टमचे कागद करते. यंदा दिवाळीआधी गिफ्टच्या पेट्या आल्या. सोनेरी रिबन, आत चॉकलेटं, वेफर आणि सरबताची चिमुकली बाटली. अशा पेटीत चार चीजा असल्या तरी त्यातली जी मुख्य, तिच्याच नावानं कस्टमला अख्खी पेटी नोंदतात. मी चॉकलेट लिहिलं. बरोबरच लिहिलं. पण माल सुटल्यावर माल मागवणाऱ्या व्यापाऱ्याच्या माणसानं माझा तोच कागद उचलला आणि त्यावरून पेटीचा स्टीकर छापला. चॉकलेटमध्ये काय काय आहे ते सगळं त्यावर, वेफरबद्दल अक्षर नाही. वेफरमध्ये शेंगदाणे होते, माई. तसं पेटीमागे परदेशी भाषेत छापलेलं होतं, आणि स्टीकर नेमका त्याच ओळीवर बसवला.

गोदामात जाऊन मी त्या माणसाला म्हटलं, “भिया, ड्यूटीला एक नाव चालतं, खाणाऱ्याला नाही चालत. आत दाणे आहेत.” तो हसतो. “दीदी, टेन्शन नको घेऊ. गिफ्टची पेटी वाचतं कोण? लोक तर खोलत पण नाहीत, पुढे सरकवतात.” आमच्या साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, “आपलं काम कस्टमपर्यंत.” टेम्पो भरून निघून गेले. तो गोदामातला मेला एका बाबतीत खरं बोलला होता, आपल्याकडे दिवाळीची पेटी एका घरात टिकते कुठे? देवासची टोंकखुर्दला, तिथली धरमपुरीला, ज्यानं दिली त्याच्याकडे परत जाऊ नये एवढीच काळजी. तेव्हापासून मी कुणाकडे फराळाला गेले की चिवडा हातात आणि डोळे कपाटावर. दोन घरी ती सोनेरी रिबन दिसली.

धाकटीला फोन केला. “बाहेरच्या पेटीतलं काही खाऊ नकोस बाई यंदा.” का ते सांगितलं नाही, नोकरी जाईल म्हणून भ्याले. ती हसली. “ताई, तू पण ना! मी वाचते न सगळं. माईनं शिकवलंय.”

भाऊबिजेच्या सकाळी भाचीचा फोन आला, नुसती रडत होती. धारच्या दवाखान्यात पोचले तेव्हा धाकटीच्या नाकात नळी होती, ओठ सुजून ओळखू येत नव्हते. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर हाती काही राहिलं नसतं. दुपारी तिनं डोळे उघडले आणि पहिलं काय बोलली असेल? “ताई, पेटीवरचं मी पूर्ण वाचलं होतं गं. दोनदा वाचलं.” जणू चूक तिचीच. मी म्हटलं, “हो गं, वाचलंस तू.”

आता ती घरी आहे. बाकीच्या पेट्या कुणाच्या कपाटात आहेत, देव जाणे. मागवणाऱ्याला पुन्हा सांगितलं तर तो म्हणतो, सीझन संपला. आज मी डबा उघडून तिच्यापुढे ठेवला. ती खिचडीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. डबा हळूच माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, “आधी तू.”

मी खाल्लं. माझ्याच हातची, दाणा नाही हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? तरी घास जिभेवर घोळवला. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, तुझ्या तोंडाकडे बघायची तशी. मी मान हलवली, तेव्हा कुठे तिनं चमचा उचलला.

तो स्टीकर माझ्या कागदावरून छापला होता, हे तिला अजून सांगितलेलं नाही. तुला सांगितलं, कारण तू आता मला झापू शकत नाहीस.