गाडीत बसून राहिलेला वाघ

देदेन,

स्टेजवर तू तोंडाला लाल रंग फासून "मरणा, ये समोर!" म्हणून गर्जतोस, आणि सगळं बांडुंग शहर तुझ्यामागे ओरडतं. काल आबा जाताना मात्र तू दवाखान्याच्या आवारात गाडीतच बसून राहिलास. मी खाली येऊन तुझा हात ओढला, तर म्हणालास, "ताई, मला नाही बघवणार गं."

वर आबांनी विचारलं, "आला का?"

"त्याचा कार्यक्रम चाललाय, आबा."

ते हसले. "गाऊ दे. माझा वाघ कशालाच भीत नाही."

आज दफन आटोपल्यावर तू विचारलंस, "शेवटी काय म्हणाले?"

"तुझी आठवण काढली," एवढंच मी सांगितलं. वाघाचं ऐकून तुला पुन्हा स्टेजवर उभं राहवणार नाही, म्हणून हे पत्रही तुला देणार नाही. रागवायचंही आता त्राण नाही रे. जेवून घे.

तुझी थकलेली ताई,
लिलिस