थंड तारेचं गणित

मु. अनसिंग, वैशाख, शके १८६०

तीर्थरूप मामांस भाच्याचा दुरूनच (तुमचा हात लांब पोचतो म्हणून) साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता कचेरीचा जिना चढू देतो का? मामीचा खोकला? इकडे सर्व ठीक. आई तुमच्यासाठी पापड वाळवते आहे.

मी कॉलेज तत्त्वासाठी सोडलं हे तुम्हाला ठाऊकच आहे. गावात मात्र मला 'बिजलीचं शिकेल पोरगं' म्हणून मान आहे, आणि त्यातूनच परवाचं प्रकरण झालं. इथल्या रामराव पाटलांच्या थोरल्या मुलीचं लग्न होतं. (धाकटीचं नाव पंचफुला. तिच्याबद्दल मी काही लिहिणार नाही. हसली की डाव्या गालाला खळी पडते, एवढंच.) पाटलांनी वाशिमहून रहीम मिस्त्रीचं इंजिन आणि डायनामो आणवला, मांडवभर चाळीस बल्ब टांगले आणि मला म्हणाले, "जगदेव, तू पाह्य रे बापा. काही जळलं तं माही इज्जत जाईन."

मी दुपारी एक बल्ब उतरवून कॉलेजातल्या (परत करायच्या राहिलेल्या) मीटरनं त्याच्या तारेचा रोध मोजला. अगदीच किरकोळ निघाला. रोध कमी म्हणजे प्रवाह जास्त; हिशेबानं चाळीस बल्ब डायनामो जाळणार, तीनच झेपणार. बाकीचे मी बंद ठेवायला लावले. रहीम म्हणाला, "भाऊ, तीनात नवरदेव दिसन काय?" मी त्याला ओहमचा नियम ऐकवला. त्यानं बिडी पेटवली.

सांजेला वऱ्हाड आलं. त्या उजेडात पाटलांनी व्याही समजून बँडवाल्याला कडकडून मिठी मारली. खरे व्याही भडकले, "पाटील, लगन अंधारातच उरकता काय?" पाटील सर्वांदेखत माझ्याकडे वळले, "कोन्या गधड्याचं आयकलं म्या!" झालं. माझं डोकं तडकलं. "जळू द्या मंग! पाहा कोन खरं!" म्हणून मी धावलो आणि सगळ्या बल्बांचा खटका खाली ओढला. (मांडवात पंचफुलाही होती. रागात सुचलं नाही. हे मामीला वाचून दाखवू नका.)

इंजिन घुसमटलं, डायनामोवरचा काटा टोकाला आपटला, बल्ब नुसते तांबूस झाले. पापणी लवेपर्यंत, मामा, माझं गणित खरं होतं! मग काटा खाली घसरला, इंजिन ठेक्यावर आलं आणि मांडव लख्ख उजळला. मी तार थंड असताना मोजली होती. तीच पांढरीशुभ्र तापली की तिचा रोध दहापटीहून वाढतो आणि प्रवाह आपोआप आवरतो. हा धडा पुस्तकात होता. मी सोडलं त्याच्या पुढच्याच पानावर.

लोकांनी शिट्ट्या मारल्या. पंचफुला माझ्याकडे पाहून हसत होती, मी तिच्याकडे पाहत होतो आणि पाटील आळीपाळीनं दोघांकडे. मी मार खायला तयार झालो. ते जवळ आले, हळूच म्हणाले, "अर्ध्या शिक्षनानं माहा मांडव पेटवत होता तू. पुरं करून ये. मंग पाहू." मामा, 'पाहू' म्हणाले! तेव्हापासून मला आईची भाजीसुद्धा अळणी लागत नाही.

आपला आज्ञाधारक,
जगदेव

ता.क. तुम्ही अमरावतीतच आहात, तर कॉलेजच्या साहेबांना भेटून मला परत घ्यायला सांगाल का? तत्त्व वगैरे काही नव्हतं. मी त्यांच्या टेबलावर दौत आपटली होती. त्यांचा कोट पांढरा होता.

ता.क. दुसरा: ते माझ्याबद्दल जे बोलतील ते शब्दशः कळवू नका. मी नुकताच निवलो आहे.