चांदीची पट्टी

अण्णा, आज आईच्या अंगठ्याची पट्टी बदलली आणि तुमच्याशी भांडावंसं वाटलं. पण कोणत्या बाजूने भांडू तेच कळेना. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, तरी लिहिते.

तुम्ही गेल्यावर दोन वर्षांनी आईला साखर निघाली. यंदा अंगणातल्या चिऱ्याला तिचा अंगठा ठेचकाळला, तो महिनाभर भरेना. अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टर बोलून गेले होते. मग त्यांनी मुंबईहून एक पट्टी मागवली. तिच्यात चांदी आहे, नॅनो म्हणतात, इतके बारीक कण की केसाच्या जाडीत हजारो मावतील. ते जंतू मारतात. तीन दिवस उघडायची नाही, हे त्यांनी मला दोनदा बजावलं. मी मान डोलावली. पण मी कंपाउंडर बापाच्या हाताखाली शिकलेली नर्स. जयगडच्या खलाशाची पट्टी मी एक दिवस तशीच ठेवली, तेव्हा दवाखान्यात सगळ्यांसमोर तुम्ही म्हणालात, "जखम म्हणजे काय लोणच्याची बरणी गो, दादरा बांधून ठेवायला? रोज उघडायची." आणि त्या जखमेत खरंच पू धरलेला निघाला. तर मी दुसऱ्याच दिवशी आईची पट्टी उघडली.

अंगठा काळा. सडला, असंच वाटलं, तशीच तिला घेऊन दवाखान्याकडे निघाले. रिक्षात आई शांत बसलेली. म्हणते, "अगो, चांदी ती. काळी पडायचीच. देवाचं निरांजन कधी घासलंस तर कळेल." डॉक्टरांनी पुसलं, खाली गुलाबी मांस होतं. ते रागावले नाहीत. नवी पट्टी बांधताना एवढंच म्हणाले, "सारखं उघडलंत की नवी कातडी पट्टीबरोबर निघून येते."

तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. तुमचं खोटं म्हणावं तर तो खलाशी आठवतो, खरं म्हणावं तर तुमचा पाय आठवतो. अठ्ठ्याण्णव साली मी त्याची जखम रोज उघडत होते, तुमच्याच शिकवणीने. वाळलेलं गॉझ सलाइनने भिजवून ओढायचे, तुम्ही आढ्याकडे बघत राहायचात. पाय भरलाच नाही, आणि त्यातच तुम्ही गेलात.

आज तीन दिवस पुरे झाल्यावर पट्टी काढली. आईचा अंगठा राहणार. मला फार आनंद झाला, आणि लगेच रडू आलं.

अण्णा, तुमच्या गॉझला कधीकधी पातळ, गुलाबी कातडी चिकटून यायची. तुम्ही विचारायचात, "भरतेय ना गो?" मी हो म्हणायचे, आणि तुम्हाला दिसायच्या आत ते गॉझ बादलीत टाकायचे.