टेकडीवर एकूण एकोणीस कासवं

२ एप्रिल, सकाळी ६
आजपासून शिस्त. रोज पाचला उठायचं. सहा ते दहा टेकडीचा उत्तर उतार पायी पालथा घालायचा. दिसेल ते कासव पकडायचं, पाठीवर लाल नेलपॉलिशने नंबर टाकायचा, जिथलं तिथे सोडायचं. अशा दहा सकाळी. मग आठवडा सोडून पुन्हा दहा सकाळी. दुसऱ्या फेरीत बिननंबरी कासवं जितकी जास्त, तितकी टेकडीवर एकूण कासवं जास्त. केंद्र चालवणाऱ्या मॅडम झोहूरनी हे पाऊण तास समजावलं. मला पाच मिनिटांत कळलं होतं. उरलेली चाळीस मिनिटं मी बुटांचा विचार केला.

महिनाअखेरीला मॅडमसमोर दोन गोष्टी सांगायच्या : काय शोधलं, आणि आपण या शास्त्रात आलो कसे. त्यावरून एकाला इथे प्राणी-संशोधन केंद्रात दोन वर्षांची नोकरी. उमेदवार तीन : इकराम, द्रीस, मी. म्हणजे खरं तर एकच.

आणि नाहीच मिळाली तर मराकेश. मामाचं जडीबुटीचं दुकान. दारात वाळवलेले सरडे टांगलेले, पिंजऱ्यात विकायची कासवं, पिंजऱ्यामागे मी. अम्मा म्हणाली आहे, जवाद, ही शेवटची संधी. तिने याआधीही चारदा म्हटलंय, पण या वेळी जेवताना म्हणाली नाही.

३ एप्रिल, ११.३०
उठलो साडेआठला. गजर द्रीसने बंद केला असणार. आम्ही एकाच तंबूत. तो मुंग्यांवर काम करतो. विचारलं तर म्हणाला, साहेब, गजर तुम्हीच बंद केलात, वर मला शिवी घातलीत. सारखं मुंग्यांत राहिलं की माणूस असा होतो.
इकराम साडेपाचलाच गेली. तीही कासवंच मोजते, दक्षिण उतारावर. हिच्या वहीला दोरी, दोरीला पेन्सिल, पेन्सिलीच्या टोकाला खोडरबर. अशा माणसांवर माझा विश्वास नाही.

४ एप्रिल
चार तास चाललो. दोन कासवं. एक मेलेलं, दुसऱ्याच्या वेळी नेलपॉलिश तंबूत राहिलेली.
बा अल्लाल भेटला. म्हातारा मेंढ्या चारतो. म्हणाला, पोरा, ऊन चढलं की ती बोरीच्या जाळीत घुसतात, तिथे वाक आणि बघ. मी म्हटलं, बा, शास्त्रात असं लोकांना विचारून चालत नाही. तो म्हणाला, मग नको विचारू. मी कुठे विचारलं होतं? तेवढ्यात त्याच्या मेंढीने माझा पाव खाल्ला. तो बघत होता.

५ एप्रिल, संध्याकाळी ५
अक्कल असली की पाय वाचतात. मामाच्या पिंजऱ्यात लेट्यूसचा पाला टाकला की कासवं कशी धावायची ते आठवलं. माणसाने कासवामागे का फिरावं? तंबूमागे दोन गड्डे फोडून टाकले आणि मी सावलीत आडवा झालो. सव्वाचारला तीन आली. पडल्या पडल्या नंबर टाकले. १, २, ३.
इकराम डोंगर चढून घामाघूम परत आली. दिवसभरात सहा सापडली म्हणे. मी फक्त हसलो. तिने तंबूमागे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तडक मॅडमच्या खोलीत गेली. चहाडखोर.
मॅडमनी मला बोलावलं नाही. म्हणजे पद्धत पसंत आहे.

९ एप्रिल
एकोणीस झाली. नवीन येत नाहीत. पहिली फेरी वेळेआधी पूर्ण. नेलपॉलिशही संपत आली.
द्रीस म्हणाला, तुझा उतार तंबूपासून सुरू होऊन तंबूपाशीच संपतो. मी म्हटलं, तुझ्या मुंग्या कुठे लांब जातात?

१३ एप्रिल
दोन दिवस इथे नव्हतो. लेट्यूस आणायला गावात गेलो होतो, तिथे लग्न होतं. ढोलवाल्याचा हात दुखत होता. मी वाजवला. मग जेवण. मग नवरदेवाचा चुलत भाऊ मधमाश्या पाळतो, त्या बघायला गेलो. खरं तर मधमाश्यांवरच काम करायला हवं. कासवात काही वेग नाही.
उद्यापासून शिस्त.

१५ एप्रिल
इकरामचं काहीतरी बिनसलंय. रोज चारला समोरच्या खडकावर येऊन बसते आणि दुर्बीण माझ्या तंबूवर. आज जवळ येऊन विचारलं, आज दोन गड्डे की तीन? दोन, म्हटलं. लिहून घेतलं. मग विचारलं, उद्याही सव्वाचारलाच ना? मला कळायचं ते कळलं. म्हटलं, हो, मी इथेच असेन. ती म्हणाली, बरं झालं, मधे दोन दिवस तू नव्हतास तर फार अडचण झाली.
रात्री द्रीसला सांगितलं. तो इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. जळतो.
सध्या मोजणीची सुट्टी आहे, तरी पाला चालू ठेवलाय. मुक्या जिवांची सवय मोडणं बरं नाही.

२२ एप्रिल
दुसरी फेरी झाली. दहा दिवसांची तीन दिवसांत. आलेली कासवं एकोणीस. नंबर असलेली एकोणीस. बिननंबरी शून्य.
हिशोब तीनदा केला. उत्तर एकच : या अख्ख्या टेकडीवर एकूण एकोणीस कासवं उरली आहेत.
जात संपत आली आणि ते जगात फक्त मला माहीत आहे.

२३ एप्रिल
बा अल्लालला सांगितलं, बा, तुझ्या मेंढ्या उद्यापासून टेकडीवर नकोत. इथे एकोणीसच कासवं उरलीत. तो म्हणाला, काल एका जाळीत मी बारा मोजली. मी म्हटलं, तुझं कुठे छापून आलंय? तो म्हणाला, या टेकडीवर माझ्या बापाने मेंढ्या चारल्या. तू उतर, आणि जाताना तुझी ती लाल बाटली घेऊन उतर.
संध्याकाळी सगळ्यांना त्याच्याकडचं ताक आलं. मला नाही.

२७ एप्रिल
दुसरी गोष्ट लिहायला घेतली : मी या शास्त्रात कसा आलो. खरं असं की कॉलेजात नाव नोंदवायला गेलो तेव्हा भूगोलाची रांग उन्हात होती आणि जीवशास्त्राची सावलीत. हे सांगता येत नाही. मामाचं दुकान तर नाहीच.
गरुड घेतला. मी सहा वर्षांचा, जखमी गरुड, त्याने माझ्या डोळ्यांत बघितलं वगैरे. वाचून मलाच रडू आलं.

२९ एप्रिल, दुपार
बैठक झाली. जसं झालं तसं लिहितो.
आधी द्रीस. त्याच्या बापाची पावाची भट्टी, मुंग्या पीठ पळवायच्या, बापाने त्याला मुंग्या मारायला बसवलं आणि हा बघतच बसला. मॅडम हसल्या.
मग मी. गरुड सांगितला. मॅडमनी विचारलं, कुठला गरुड? मी म्हटलं, मोठा. मग एकोणीसचा आकडा सांगितला आणि टाळ्यांसाठी थांबलो. मॅडमनी पुन्हा विचारलं, पहिल्या फेरीत कुठे पकडली? तंबूमागे. आणि दुसऱ्या फेरीत? तंबूमागे. त्यांनी चष्मा पुसला.
मग इकराम. तिच्या गावाकडे, वाळवंटाच्या कडेला, पर्यटकांनी एका कोल्ह्याला बिस्किटांची सवय लावली. तो रस्त्यावर येऊन थांबायला लागला आणि गाडीखाली गेला. तेव्हापासून तिचा एकच प्रश्न : फुकट खायला मिळालं की प्राणी काय काय विसरतो. इथे ती कासवं मोजायलाच आली होती, पण पाच तारखेला विषय बदलला. मॅडमच्या परवानगीने.
पडद्यावर टेकडीचा नकाशा. तिच्या दक्षिण उतारावर दोनशे अकरा कासवं, रोजची चाल भरपूर. उत्तरेला एकोणीस रेघा, सगळ्या एका ठिपक्यावर येऊन थांबलेल्या. ठिपक्याचं नाव ‘स्रोत’. खाली तक्ता : तारीख, वेळ, गड्डे. अकरा आणि बारा तारखेच्या रकान्यात : स्रोत लग्नाला.
मग फोटो. मी झोपलेला, तोंड उघडं, सात नंबरचं कासव माझ्या टोपीवर.
द्रीस टेबलाखाली गेला. पेन पडलं म्हणे.

३० एप्रिल
नोकरी इकरामला. मॅडमनी मला बोलावलं. वाटलं, समजूत काढतील. म्हणाल्या, जूनपर्यंत राहा, तंबू आणि जेवण केंद्राचं. दोन आठवडे हेच चालू ठेव, मग पाला हळूहळू कमी कर, ती पुन्हा जाळ्यांत परततात का ते इकराम बघेल. मी म्हटलं, मॅडम, मी संशोधक आहे. त्या म्हणाल्या, जवाद, लग्न सोडलं तर या महिन्यात इथे तुझ्याइतकं नियमित काहीच घडलं नाही.
विचार करून सांगतो म्हटलं. विचार केला. हो म्हटलं.
नीट पाहिलं तर इकरामचं काम माझ्याशिवाय होतच नाही. प्रमुख मीच.

१ मे, दुपारी ४
गड्डे दोन. इकराम खडकावर आहे. तिथूनच सांगितलं, टोपी तीच घाल, आणि कासवांशी बोलू नकोस, मला नोंद करावी लागते. घातली. बोललो नाही.
मघाशी मामाचा फोन आला होता. सांगितलं, केंद्रात ठेवून घेतलं. त्याने विचारलं, काम काय? म्हटलं, कासवांना पाला घालतो. मामा म्हणाला, मग इथे काय वेगळं होतं?
उत्तर देणार होतो. पण सात नंबर येऊन बुटाशी थांबलं होतं.