बुडालेल्या गावाचं आडनाव

१९ फेब्रुवारी १९९४, शनिवार

सकाळी फोन. एनिडसाठीच, माझ्या बायकोसाठी.

"थर्लसी गोळा करणाऱ्या बाई आहेत का?" डॉनकास्टरचा माणूस. बॅरी थर्लसी. बस चालवतो. तिथल्या वाचनालयातून आमचा नंबर मिळाला म्हणे. "साहेब, चौतीस वर्षांचा झालो, पण माझ्या आडनावाचा दुसरा माणूस कधी पाहिला नाही. वडील लहानपणीच सोडून गेले. शाळेत पोरं म्हणायची, हे नाव तूच बनवलंस!"

मी म्हटलं, ती बाहेर गेली आहे.

परवाच तर तिचं दहन झालं. बाहेर गेली आहे! असं का म्हणालो, कळत नाही. नंबर घेतला आणि फोन ठेवला.

नंतर जिन्यात बसून राहिलो. जिन्यातल्या भिंतीवर तिचा नकाशा आहे. जिथे थर्लसी राहतात तिथे एक टाचणी. सगळ्यांत जास्त आमच्या इथल्या किनाऱ्यावर आणि त्याच्या मागच्या गावांत. मग हलमध्ये एक झुबका. मग रेल्वेच्या रुळांबरोबर लीड्सपर्यंत, आणि कोळशाच्या खाणींकडे थोड्या. कॅनडाला गेलेल्यांसाठी नकाशा पुरला नाही, म्हणून ती टाचणी दाराच्या चौकटीत ठोकली आहे. सगळ्या जगात मिळून त्रेपन्न घरं. पाहुणे हसायचे. एनिड म्हणायची, "तुमच्या डॉसनांचं बरं आहे. दगड मारला तर डॉसनलाच लागतो. आमचा शोधावा लागतो."

डॉनकास्टरला टाचणी नाही.

२१ फेब्रुवारी

अंत्यविधीवाल्यांचा फोन — रक्षा घेऊन जा. त्यानंतर लगेच मुलीचा, जिलचा.

तिने सगळं ठरवलं आहे. इथे ड्रिफील्डच्या नव्या दफनभूमीत आम्हा दोघांची जागा. शेजारी बाक. "मुलांना घेऊन येता येईल, बाबा. फुलं ठेवता येतील."

मी म्हटलं, तुझ्या आईला केटविकला जायचं होतं. तिच्या आजीशेजारी. हे तिने मला दोनदा सांगितलं. एकदा भांडी पुसताना, आणि एकदा नोव्हेंबरमध्ये हॉस्पिटलात. दोन्ही वेळा मी हो म्हटलं.

"केटविकचं चर्च कड्यावर आहे! दर वर्षी कडा कोसळतो. आई समुद्रात पडेल, बाबा. वाळूत सापडेल कुणाच्या तरी कुत्र्याला. तुम्हाला कळतंय का मी काय म्हणते ते?"

कळतं. खरं लिहायचं तर मलाही नको आहे. तिला तिथे वाऱ्यात ठेवून मी इथे चहा कसा प्यायचा? पण हो म्हटलं आहे ना.

२४ फेब्रुवारी

तिला आणलं. गाडीत पेटीला पट्टा लावला. पेटी वाटली होती त्यापेक्षा जड आहे.

२७ फेब्रुवारी, रविवार

केटविकला जाऊन आलो. विल्फकडे. तो एनिडचा चुलतभाऊ. किनाऱ्यावर आता थर्लसी नावाचा एवढा एकच शेतकरी उरला आहे.

"या, दाजी! बहिणीला आणलंत की एकटेच?" — नेहमीसारखा मोठ्याने. मग माझा चेहरा पाहिला आणि त्याला आठवलं. चहा केला. चहात दूध सांडेपर्यंत ओतलं.

त्याचा डुकरांचा गोठा या हिवाळ्यात कड्याखाली गेला. दर वसंतात तो कुंपण उपटून मागे रोवतो. "माझं शेत चालतं, दाजी. मी फक्त त्याच्या मागे मागे चालतो."

कड्यावर उभे राहिलो. त्याने पाण्याकडे बोट केलं. "तिथे. अर्ध्या मैलावर. ते मूळ थर्लसी." माझं लग्न झाल्यापासून दर वेळी तो बोट करतो आणि दर वेळी मी बघतो. नुसतं तपकिरी पाणी असतं. सातशे वर्षांपूर्वीच्या एका करपत्रकात त्या गावच्या कुणा ॲडमचं नाव आहे, एवढाच गावाचा पुरावा. एनिड सांगायची — गावात असेपर्यंत कुणाला गावाचं नाव लागत नाही. गाव सोडलं की लागतं. पहिलं शेत गेलं तसे लोक मागच्या गावी आले, आणि तिथले लोक त्यांना म्हणायला लागले, हे थर्लसीचे. ते गाव गेलं की त्याच्या मागच्या गावी. "गाव बुडालं, आडनाव तरंगलं," म्हणायची.

मी विल्फला जिलचं म्हणणं सांगितलं. तो हसला नाही.

"पोरगी खोटं बोलत नाही. पण तिला अर्धंच माहीत आहे. जुनं चर्च गेलं तेव्हा माझे आजोबा लहान होते. वादळ झालं की इतरांची हाडं वाळूत पडायची. आमचं एक हाड पडलं नाही! थर्लसींनी आधीच खणून काढली सगळी. गवताच्या गाड्यांतून नव्या चर्चच्या आवारात नेली. आमच्यात दोनदा पुरतात, दाजी. पहिल्यांदा पाद्री पुरतो. दुसऱ्यांदा घरचे."

हे मला एनिडने कधीच सांगितलं नव्हतं. माहीत होतं म्हणूनच मागितलं असणार.

"समुद्र नव्या चर्चपर्यंत यायला किती वर्षं आहेत?" मी विचारलं.

"पंचवीस धरा. पण तेव्हा खणायला कोण येणार? मी पंचाहत्तरचा. दोन्ही मुली लग्न करून लांब गेल्या. तुम्ही येणार का, काठी टेकत?"

निघताना विल्फ विचारतो, "दगडावर कुठलं नाव घालणार?"

"डॉसन. तेच तिचं नाव."

"मग समुद्राला कसं कळणार, आपलीच आहे म्हणून?"

१ मार्च

लग्नानंतर आम्ही व्हिटबीला गेलो होतो. पहिल्या संध्याकाळी ती म्हणाली, पाच मिनिटांत आले. बराच वेळ आली नाही. शोधत गेलो तर समोरच्या टेलिफोन बूथमध्ये! डिरेक्टरी उघडून 'थ' वर बोट ठेवलेलं. "नाही रे इथे कुणी," म्हणाली. इतकं वाईट वाटलं होतं तिला.

पुढे प्रत्येक सुट्टीत तेच. नवं गाव आलं की आधी टेलिफोन बूथ. मी बाहेर आइस्क्रीम धरून उभा. माझंही वितळायचं, तिचंही. कुणी सापडलं की काचेतूनच एक बोट वर करायची.

हे कुणाला सांगण्यासारखं नाही. म्हणून इथे.

५ मार्च, शनिवार

जिल एकटीच आली. दह्याचा टार्ट करून आणला होता, तिच्या आईच्या पद्धतीचा. मी सगळं सांगितलं, विल्फ म्हणाला ते. दोनदा पुरण्याचंही.

"आणि दुसऱ्यांदा कोण, बाबा? हे त्रेपन्न?" — जिन्याकडे हात करून.

मग एकदम रडू फुटलं तिला. जिल रडत नाही सहसा. "मी शाळेच्या नाटकात काम केलं तेव्हा आई संडरलंडला होती. कुठल्या तरी परक्या म्हाताऱ्याच्या स्वयंपाकघरात चहा पीत. का? तर त्याचं आडनाव! जगभरचे सगळे सापडले तिला. मी इथे घरातच होते. मला शोधायला लागत नव्हतं, म्हणून..."



मी तिला जिन्यात नेलं. म्हटलं, "नकाशावर ड्रिफील्ड बघ."

तिने बघितलं. आमच्या गावावर टाचणी नाही. भोकही नाही.

"तिने स्वतःचीही लावली नाही कधी. मी एकदा विचारलं होतं. म्हणाली, लग्न केलं, आता मी डॉसन, मोजणीत बसत नाही. नियम म्हणजे नियम."

जिल बराच वेळ बोट ठेवून उभी होती तिथे. "मूर्ख बाई," म्हणाली. पण हळू.

टार्ट तसाच राहिला. गाडीत बसताना म्हणाली, "तुम्हाला करायचं ते करा. मला पटलेलं नाही."

६ मार्च

टार्ट खाल्ला. जायफळ कमी पडलं आहे.

१२ मार्च

बॅरी थर्लसीला फोन केला. सांगितलं — माझी पत्नी बाहेर गेलेली नाही, वारली आहे. त्या दिवशी मला म्हणता आलं नाही.

तो म्हणाला, "असू द्या हो. माझी आई गेली तेव्हा मी महिनाभर तिचं दूध बंद केलं नव्हतं."

त्याला म्हटलं, सव्वीस तारखेला केटविकला या. तिथे तुम्हाला तुमच्या नावाचे लोक दिसतील. इतरांनाही पत्रं टाकली आहेत.

डॉनकास्टरला टाचणी लावली. जरा उत्तरेला लागली आहे.

२६ मार्च, शनिवार

झालं.

वारा इतका की पाद्रीसाहेबांचे शब्द निम्मे समुद्राकडे गेले. नऊ थर्लसी आले होते. कुणीच कुणाला ओळखत नव्हतं. सगळे वेगवेगळे, चर्चच्या भिंतीला टेकून, बसची वाट बघत असल्यासारखे. एनिड असती तर तिने हाताला धरून सगळ्यांना एकत्र उभं केलं असतं. मला ते जमत नाही.

विल्फने केलं. सरळ बॅरीसमोर गेला. "टोपी काढ." त्याने काढली. "वळ. कान बघू." बॅरी वळला. विल्फने स्वतःची टोपी काढली आणि आपला कान पुढे केला. वरून चपटा, बाहेर आलेला, अगदी तोच! "आमचाच आहे," विल्फ म्हणाला. "एवढे दिवस कुठे होतास रे गाढवा?" बॅरीने टोपी परत घातलीच नाही. एवढ्या वाऱ्यात.

जिल आली होती. फाटकाबाहेर उभी. विल्फने तिलाही हाक मारली, "वाऱ्यात काय उभी, पोरी? आत ये. आपलीच माणसं आहेत."

"तुमची असतील, मामा."

"मामा म्हणतेस आणि वर तुमची म्हणतेस?"

हसली. आत आली. पेटी मी ठेवली. गुडघे टेकवत नव्हते, तिने दंड धरला. माती टाकली नाही तिने.

दगडावर 'एनिड डॉसन' आणि खाली 'थर्लसींची लेक' असं येईल. दगडवाला म्हणाला, असं कुणी लिहीत नाही. मी म्हटलं, लिहा.

मग विल्फच्या घरी चहा आणि हॅम. हॅमशिवाय पुरलं तर ते पुरणं नव्हे, म्हणतो. सगळे खात असताना त्याने चमच्याने कप वाजवला. "मंडळी, एक विचारतो. समुद्र भिंतीशी आला की हिला उचलायला कोण येणार?"

सगळे कपात बघायला लागले. लीड्सच्या बाईंनी हॅम वाढून घेतलं. मला उठून निघून जावंसं वाटलं.

"मला कळवा," बॅरी म्हणाला. "मी येईन."

"एक झाला!" विल्फ म्हणाला. "कळवायचं कुणी? मी तर नसेन."

जिल खिडकीतून बाहेर बघत होती.

२७ मार्च

उन्हाळी वेळ सुरू झाली, घड्याळं एक तास पुढे केली. तिचं हातघड्याळ तसंच ठेवलं.

घर मोठं झालं आहे. तिला तिथे वाऱ्यात ठेवून आलो आणि चहा प्यायलो. पिता आला.

१५ नोव्हेंबर २००३, शनिवार

ही वही जिलला खणात सापडली. म्हणाली, लिहा.

पंचवीस वर्षं धरा म्हणाला होता विल्फ. समुद्राने नऊच घेतली. गेल्या हिवाळ्यात दोन वादळांत विल्फचं शेत आणि चर्चची पूर्वेकडची भिंत गेली. विल्फने ते पाहिलं नाही, बरं झालं. जिलने बिशपच्या कचेरीतून पेटी काढायची परवानगी मिळवली. पाच महिने लागले, मला पत्ताही नव्हता. बॅरीलाही तिनेच कळवलं. आज सकाळी खणलं त्याने, पण शेवटची माती जिलने हाताने काढली. मला वाकू दिलं नाही. गाडीत मात्र पेटी माझ्या मांडीवर दिली.

ड्रिफील्डच्या दफनभूमीला डावीकडे वळतात. जिल वळली नाही. सरळ घराकडे आली. मी तिच्याकडे बघितलं.

"दुसऱ्यांदा पुरायची घाई आहे का कुणाला, बाबा?"

मला नाही.